बोनेट उघडून : शेठजींच्या शेडमधल्या गाड्या

दिवाळीआधीच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या जिनिंगवाल्या (कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना असलेल्या) घराण्याच्या शेडमध्ये अकरा जुन्या गाड्या उभ्या आहेत आणि त्यातल्या चार चालू करून आम्ही दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढल्या. त्यावर सत्तेचाळीस पत्रं आली. दोन तर पोस्टकार्डावर होती. पोस्टकार्ड अजून मिळतं, हे पाहूनच मला बरं वाटलं. बरेच प्रश्न गाडीपेक्षा शेठजींबद्दलचे होते. ते घर कोणतं, गाड्या विकणार आहेत का, केवढ्याला देतील? याची उत्तरं मी देणार नाही. त्या घरात माझे वडील फिटर होते, मी पोरवयात तिथेच पान्हा धरायला शिकलो, आणि ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घराची किंमत मासिकात छापायची नसते. बाकी विचारा.

प्रश्न : काका, माझ्या वडिलांनी एका जिनिंगच्या शेठजींकडे ३१ वर्षं ड्रायव्हरकी केली. तीन वर्षांपूर्वी काम सोडलं. गेल्या वर्षी शेठजी वारले. मुलं पुण्याला असतात, त्यांनी घर आणि शेड विकायला काढलं आहे. धाकटे मालक वडिलांना म्हणाले, "काका, तुमच्या हातची लँडमास्टर तुम्हीच घेऊन जा. तुमचा राहिलेला हिशेब त्यातच समजा." वडील तेव्हापासून हवेत आहेत. आई म्हणते, त्या धुडाचं काय लोणचं घालायचं? गाडी १९५६ची आहे, सहा वर्षं बंद आहे. घ्यावी का?
(आर्वी तालुक्यातून)

उत्तर : तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द लँडमास्टर नाही, 'हिशेब' आहे. धाकट्या मालकांनी एका वाक्यात दोन गोष्टी बांधून टाकल्या आहेत. त्या आधी सोडवा.

वडिलांना विचारा, पगार कुठून व्हायचा? घरातून बाईसाहेबांच्या हातून, की जिनिंगच्या हजेरीपटावर नाव होतं? आमच्याकडे बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर चालवायचा घरची गाडी, पण नाव असायचं फॅक्टरीच्या पटावर, कारण तो खर्च धंद्यात धरता येत होता. तसं असेल आणि फॅक्टरीत दहा किंवा जास्त माणसं असतील, तर ग्रॅच्युइटी हा वडिलांचा हक्क आहे, बक्षीस नाही. हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. शेवटचा महिन्याचा पगार (मूळ आणि महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा शेवटचा पगार १३,००० होता. १३,००० भागिले २६ म्हणजे ५००, त्याचे पंधरा दिवस ७,५००, आणि ३१ वर्षांचे झाले २,३२,५००. हा आकडा कागदावर लिहून वडिलांच्या हातात द्या आणि मग विचारा, की बाबा, आता सांगा, गाडी घ्यायची का. पगार घरातूनच मिळत असेल तर हा कायदा लागू होत नाही. मग मालकांच्या मनाच्या मोठेपणावर सगळं, आणि त्यावर मी काही बोलत नाही.

माझं म्हणणं, वडिलांनी दोन्ही मागावं. हिशेब वेगळा, गाडी वेगळी. गाडी द्यायची तर प्रेमानं द्या, म्हणावं. ३१ वर्षं ज्यानं पहाटे उठून ती पुसली, त्याला ती द्यायला कोणाचं काय जातं? शेडच्या नव्या मालकानं ती उद्या किलोवरच घातली असती.

आता गाडी. लँडमास्टर म्हणजे अँबॅसिडरची थोरली बहीण. दोघीही हिंदुस्थान मोटर्सच्या, उत्तरपाड्याच्या कारखान्यातल्या. मूळ नमुना इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. लँडमास्टर दुसऱ्या मालिकेवरून, अँबॅसिडर तिसऱ्या मालिकेवरून. अँबॅसिडर २०१४पर्यंत निघत होती, म्हणून खालच्या अंगाचं बरंच काही अजून भागवता येतं. अडतं ते पुढची जाळी, दिव्यांच्या कड्या, काचा, डॅशबोर्डावरचे मीटर यांत. या वस्तू शाबूत आहेत का, ते आधी पाहा. इंजिनाची काळजी नंतर. इंजिन माणूस दुरुस्त करू शकतो, जाळी घरी बनत नाही.

कागद : गाडी अजून वारलेल्या शेठजींच्या नावावर असणार. आधी वारसांनी फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करायची, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून वडिलांच्या. "नंतर पाहू" म्हणाले तर गाडी हलवू नका. आणि आर.सी. बुकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. पातळ कागद नंबरावर ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली की आकडे उमटतात, लहानपणी आपण नाण्याचं करायचो तसे. गंज असेल तर रॉकेलच्या फडक्यानं पुसा, पॉलिशपेपर लावू नका. घासून घासून आकडा गेला तर आयुष्यभर आर.टी.ओ.च्या पायऱ्या.

आणि कृपा करून कोणी "एक धक्का मारून पाहू" म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. सहा वर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरून बसतात. जोर लावला की रिंग तुटते नाही तर भिंत खरवडते. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं करून सोडा, भोकांत फडकं कोंबा आणि चार दिवस विसरून जा. मग प्लग न लावताच, गाडी वरच्या गिअरला टाकून मागचं चाक उचला आणि हातानं हळूच पुढं-मागं करा. बोटभर हललं तरी अर्धं काम झालं. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करा. सडक्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. जिनिंगच्या शेडमधली गाडी आहे, म्हणून एअर क्लीनर उघडल्याशिवाय सेल्फ मारू नका. मागच्या वर्षी एका गाडीच्या एअर क्लीनरमधून मी परडीभर सरकी काढली. उंदरानं वर्षभराची बेगमी केली होती, शेठजींपेक्षा नीट.

आईला सांगा, लोणचं घालू नका, पण वर पत्रा घाला. उघड्यावर ठेवणार असाल तर घेऊच नका.

प्रश्न : मी हिंगणघाटचा. बाप मिलमध्ये होता, मीही बारा वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, काढली, मग मिल बंद. नातवानं मोबाइलवर दाखवलं, की परदेशात कोण्या मिलमालकाकडे चारशे मोटारी निघाल्या. आम्हाला बोनससाठी उपोषणं करावी लागली. चारशे मोटारी हे खरं आहे का पोट्ट्यानं मला बनवलं?
(एक जुना साचेवाला)

उत्तर : नातू खरा आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून ही गोष्ट मी पूर्ण सांगतो. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर चार ओळींत संपवली असती.

फ्रान्सच्या पूर्वेला आल्सास नावाचा मुलूख आहे. तिथलं मुलूझ हे आपल्या हिंगणघाटासारखंच सुतावर आणि कापडावर वाढलेलं शहर. तिथं श्लुम्प्फ नावाचे दोन भाऊ होते, थोरला हान्स आणि धाकटा फ्रिट्झ. बाप स्विस, आई मुलूझची. लोकरीच्या सूतगिरण्यांचा धंदा. भावांनी एकामागून एक गिरण्या घेतल्या. फ्रिट्झला बुगाटी गाडीचं वेड. बुगाटीचा कारखाना त्याच मुलुखात, मोल्सहाइमला, म्हणजे वेड घराजवळच होतं.

१९६०च्या दशकात तो मिळेल तिथून गाड्या उचलू लागला. १९६४ साली अमेरिकेतल्या एका माणसाचा संपूर्ण संग्रहच त्यानं घेतला. तीस बुगाटी एकदम, रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर लादून निघाल्या. मुलूझमधल्या एका बंद गिरणीत गाड्या ठेवल्या. कुशल कारागीर नेमले. आत काय चाललंय ते बाहेर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद. गावाला भिंत दिसायची, भिंतीमागे काय आहे ते दिसत नव्हतं. आत रस्त्यासारखे पट्टे आखले आणि दोन्ही बाजूंनी दिव्याचे खांब लावले, पॅरिसच्या एका प्रसिद्ध पुलावर आहेत हुबेहूब तसे. एखाददुसरा नाही, शेकड्यांनी खांब! साचेवाले दादा, आपल्या खात्यात एक ट्यूबलाइट बदलायला किती दिवस लागायचे, आठवा.

मग सत्तरच्या दशकात कापडाचा धंदा बसला, जसा आपल्याकडेही पुढे बसला. १९७६मध्ये पगार थकले, कामगार कमी करायच्या गोष्टी निघाल्या, संप झाला. भाऊ सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७मध्ये कामगार त्या भिंतीच्या आत शिरले. आणि थबकले. पुढ्यात चारशेच्या वर गाड्या, रांगेनं, पुसून चकचकीत. त्यातल्या शंभरावर बुगाटीच.

दोन रोयाल होत्या. मेकॅनिक म्हणून यावर मला थोडं रेंगाळू द्या. बुगाटी रोयाल ही एतोर बुगाटीनं राजेमहाराजांसाठी काढलेली गाडी. इंजिन पावणेतेरा लिटरचं! आपल्या मारुती ८००चं इंजिन पाऊण लिटरच्या जरा वर, म्हणजे एका रोयालच्या पोटात सोळा मारुती. राजे घेतील म्हणून काढली आणि जागतिक मंदी आली. सगळ्या मिळून सहा-सातच झाल्या, त्यांतल्या तीनच गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. उरलेल्या इंजिनांचं काय करायचं? बुगाटीनं ती रेल्वेच्या डब्यांना बसवली आणि डबे फ्रान्सभर धावले. मला त्या माणसाचं हेच आवडतं. शेठजींसाठी केलेलं इंजिन पब्लिकला ओढायला लागलं आणि तिथं मात्र पैसे कमावून गेलं.

आता कामगारांचं. त्यांनी त्या गाड्या फोडल्या नाहीत. राग दाखवायला एक मोडकी ऑस्टिन गाडी जाळली, एवढंच. मग गिरणीचा ताबा घेऊन त्यांनी तिला 'कामगारांचा कारखाना' असं नाव दिलं, दारं उघडली आणि लोकांना आत सोडायला सुरुवात केली, की या, आमचे पगार कुठे गेले ते पाहा. दोन वर्षं त्यांनी तो ताबा ठेवला. लोक झुंडीनं आले. १९७८ साली सरकारनं संग्रहाला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला, त्यामुळे सावकारांना तो सुटा सुटा विकून परदेशी पाठवता येईना. १९८२मध्ये त्याच गिरणीत रीतसर संग्रहालय सुरू झालं. आजही आहे. ते दिव्याचे खांबही आहेत.

आपल्याकडे काय झालं ते तुम्ही मला सांगायला पाहिजे. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला सुरू केली, शंभर वर्षांवर चालली आणि शेवटी बंद पडली. माझा काका तिथं जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता. विदर्भातल्या कोणत्याही मिलचा एकही साचा जपून ठेवलेला मी पाहिला नाही. असेल तर मला पत्र लिहा, मी तिकीट काढून पाहायला येईन. इथले साचे ट्रकमध्ये चढताना मी पाहिले आहेत. हमाल कासऱ्यानं बांधून ओढत होते आणि काट्यावर एक माणूस वही घेऊन बसला होता.

सगळे मिलमालक भिंतीमागे लपवणारे नसतात, हेही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल मिस्त्री कम्युनिस्ट झाला. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आहे, 'ऑटो वर्ल्ड'. हेही कापडाच्या धंद्यातलं घराणं. शंभराच्या वर गाड्या, रोल्स-रॉइस, बेंटली, डेम्लर, लागोंडा. प्राणलालभाई २०११मध्ये गेले. तिथं कोणीही तिकीट काढून आत जातो, आणि जास्तीचे पैसे भरले तर एखाद्या जुन्या गाडीतून चक्करही मिळते. गाडी चालती राहते आणि आपल्यासारख्याला सीटवर बसायला मिळतं. शेठनं संग्रह करावाच तर असा.

प्रश्न : भाऊ, माह्या आबाची जीप हाय. सकाळी एका हँडलात चालू होते. पण दुपारी बाजारातून वापस येतांनी धापा टाकते अन् मधातच बसते. घंटाभर लिंबाखाली उभी ठेवली का पुन्हा चालू. मेकॅनिक म्हणते पंप बदला. दोन पंप बदलले. काऊन होऊन रायलं असं?
(घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : पंप बिचारा निर्दोष आहे बाप्पा. तुमच्या जीपला ऊन लागतं.

बोनेट उघडा. इंजिनाच्या बाजूला जो पंप आहे (गॅरेजात त्याला एसी पंप म्हणतात, गारव्याशी त्याचा काही संबंध नाही, ते कंपनीचं नाव) त्याला खाली किंवा वर काचेची वाटी असते. गाडी बंद पडली की लगेच तिच्यात पाहा. पेट्रोल नसेल, नुसते बुडबुडे असतील, तर पेट्रोलची पाइपातच वाफ झाली आहे. पंप वाफ ओढू शकत नाही, म्हणून कार्बोरेटर उपाशी. वाटी भरलेली असेल तर प्लगची ठिणगी पाहा. ती पिवळट, मरतुकडी असेल तर दोष कॉइल किंवा कंडेन्सरचा, तेही तापले की असेच रुसतात. या दोन मिनिटांच्या पाहणीआधी कोणी पंप विकत असेल तर तो मेकॅनिक नाही, दुकानदार आहे.

वाफेवरचा उपाय आमच्या बापजाद्यांचा : सुती फडकं ओलं करून पंपावर गुंडाळायचं आणि बाटलीनं त्यावर पाणी सोडायचं. पाच मिनिटांत वाटी भरते. कायमचं करायचं तर पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळीपासून वीतभर दूर सरकवून क्लिपा मारा, आणि मध्ये पत्र्याची आड लावा. जीप आपल्याकडे महिंद्रानं जोडायला घेतली, पण मूळ ती अमेरिकी लष्करासाठी बनली. घाटंजीच्या वैशाखाचा विचार तिथं कोणी कशाला करील? दुसरं, हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं, मऊ करतं. आबांच्या काळच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, सगळं इथेनॉल सोसणारं नवं घाला. महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा.

फडकं पंपावर आणि पाणी फडक्यावर. इंजिनावर नाही! हे मी ओरडून का सांगतो ते ऐका. मी एकोणीस वर्षांचा होतो. शेठजींची १९४७ची शेवरले होती, मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता तेव्हाची. मे महिना. वडील तापानं पडले म्हणून शेठजींना पुलगाव स्टेशनावर सोडायला मी गेलो. येताना रेडिएटर उकळला. झाकण उडालं, वाफेचा लोट. मी शहाणा. शेजारच्या विहिरीवर मोट नव्हती पण बादली-दोर होता. थंडगार पाणी ओढलं आणि धाडकन ओतलं. आतून आवाज आला, टक्. सुपारी फुटल्यासारखा, इतका बारीक की मला वाटलं काहीतरी सुटलं असेल. ब्लॉकला वीतभर चीर गेली होती. त्या दिवशी गाडी घरी आली ती बैलांच्या जोडीमागे, पाच कोस, आणि प्रत्येक गावात पोरं मागे धावली. शेठजी मला एक शब्द बोलले नाहीत. वडिलांच्या पगारातून मात्र आठ महिने पैसे कापले गेले, आणि वडीलही मला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून तापलेल्या इंजिनाजवळ मी आधी तंबाखू मळतो. मळून, खाऊन, थुंकून होईपर्यंत वीस मिनिटं जातात, तेवढ्यात ते हात लावण्याजोगं होतं. तंबाखू सोडून अकरा वर्षं झाली. आता नुसताच बसतो.

प्रश्न : मी इयत्ता आठवीत आहे. वर्ध्याला बैल मोटार ओढत होते असं आमचे सर म्हणाले. सगळे हसले. खरं आहे का?
(सेलू, जि. वर्धा)

उत्तर : बेटा, हसणाऱ्यांनी माझी शेवरले पाहिली नाही. पण सर सांगत आहेत ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे.

वर्ध्याला जमनालाल बजाज नावाचे कापसाचे मोठे व्यापारी होते. आज स्कूटर-मोटारसायकलींवर जे बजाज नाव दिसतं ते त्याच घराण्याचं. गांधीजींचा त्यांच्यावर इतका जीव, की जमनालालजींना त्यांचा पाचवा मुलगा म्हणत. इंग्रज सरकारनं दिलेली रायबहादूर पदवी त्यांनी परत केली, आणि १९२८ला वर्ध्याचं आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना उघडं केलं. १९३६मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. बुलढाण्याच्या शेगावाशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून पुढे त्याचं नाव सेवाग्राम झालं. तिथला रस्ता म्हणजे काळी माती. पावसात तिचं काय होतं ते तुला मी सांगायला नको, तुझ्या चपलेला विचार. जुनी माणसं सांगतात, की जमनालालजींनी आपली फोर्ड गाडी घेतली, इंजिनाचं लोढणं काढून टाकलं आणि पुढं बैलजोडी जुंपली. बसायला गादी, खाली स्प्रिंगा, रबरी चाकं, आणि ओढायला बैल. तिला सगळे 'ऑक्सफर्ड' म्हणायचे. इंग्रजीत ऑक्स म्हणजे बैल आणि फोर्ड म्हणजे फोर्ड!

आता तू हसणाऱ्यांना एक हिशेब विचार. ढेप, कुटार आणि कडबा धरून ती गाडी किती मायलेज देत असेल?

प्रश्न : माझ्याकडे १९७२ची अँबॅसिडर आहे. वरचा टप कापून ओपन करायची आणि वरातीला भाड्यानं द्यायची असा विचार आहे. नवीन 'व्हिंटेज' नंबर घेतला तर भाव जास्त मिळेल ना?
(दारव्हा)

उत्तर : नाही, नाही आणि नाही.

टप कापला की गाडीचा कणा गेला. अँबॅसिडरला खाली वेगळी चौकट नसते, पत्र्याचं घरच सगळा भार पेलतं. वर कापलं की खड्ड्यात मधून वाकते आणि दारं लागेनाशी होतात. शिवाय आर.टी.ओ.च्या परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही.

व्हिंटेजचा नियम २०२१च्या जुलैत आला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते. पुढच्या वेळी ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. तुमची गाडी वयात बसते, पण तुमचा बेत बसत नाही, कारण या नंबराची गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच रस्त्यावर आणायची. आणि टप कापला तर मूळ रूपही गेलं. नवरदेवाला घोडं पाहा.

(याच पत्रासोबत तिघांनी विचारलं, की व्हिंटेज आणि क्लासिकमध्ये फरक काय. जाणकार १९१९ ते १९३० मधल्या गाडीला व्हिंटेज म्हणतात, त्यानंतरच्या नामांकित गाड्यांना बोलीत क्लासिक. सरकार पन्नास वर्षं मोजतं. शेठजींची पोरं मात्र बापानं घेतलेल्या कोणत्याही गाडीला व्हिंटेजच म्हणतात.)

पोस्टकार्ड : तुमचं लिहिलेलं सुनेनं वाचून दाखवलं. प्रश्न नाही. शेठजींची एक काळी मोटार होती. माझे वडील जिनिंगात रेचेवर, सरकी काढायच्या मशीनवर, होते. माझ्या लग्नात शेठजींनी ती मोटार दिली होती, मी तिच्यातून सासरी आले. ती अकरांमध्ये आहे का?
(देवळी)

उत्तर : आहे, माय. ती डॉज किंग्जवे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं मुंबईत कुर्ल्याला जोडलेली. तुम्हाला पोचवायला गाडी नेली ती माझ्या वडिलांनी, कारण त्या महिन्यात ड्रायव्हर रजेवर होता; परत आले तेव्हा मागच्या सीटवर अक्षता पडलेल्या होत्या आणि त्या वेचायचं काम माझ्याकडे आलं होतं. काळा रंग आता बोनेटवर फक्त उरला आहे, बाकी प्रायमर. दसऱ्याला चालू झालेल्या चार गाड्यांत ती दुसरी. उजवीकडच्या मागच्या दाराची काच तेव्हाही खाली जात नव्हती, अजूनही जात नाही. तिळगूळ झाला की सुनेला घेऊन या, दुपारी चारनंतर, उन्हं उतरल्यावर. टाकीत मी पाच लिटर टाकून ठेवतो.